स्नॅपड्रॅगनचं पाणी : गणपतीपासून गुढीपाडव्यापर्यंत

स्नॅपड्रॅगनची माहिती शोधायला बसलात की पहिला सल्ला हमखास हाच मिळतो : वसंतात लावा, उन्हाळाभर फुलं घ्या, आठवड्याला एक इंच पाणी द्या. सल्ला खोटा नाही. पण तो इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांसाठी लिहिलेला आहे. तिथला बऱ्याच ठिकाणचा उन्हाळा आपल्या डिसेंबरातल्या दुपारीपेक्षा फार कडक नसतो आणि मधूनमधून पाऊसही येतो. तोच सल्ला मानून पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात कुणी मार्चमध्ये रोपं लावली, तर मे उजाडायच्या आत कुंडीत काटक्या उरतील.

आपल्याकडे हे हिवाळी फूल आहे. नर्सरीत बरेच जण ‘डॉग फ्लॉवर’ म्हणून मागतात, तेच हे. बी गणपतीच्या सुमारास पडतं, रोपं दसरा-दिवाळीच्या दरम्यान कुंडीत किंवा वाफ्यात जातात, डिसेंबरपासून मार्चपर्यंत तुरे येत राहतात आणि पाडवा झाला की झाड आवरतं घेतं. म्हणजे त्याचं आयुष्य ओल्या हवेत सुरू होतं, थंडीत भरतं आणि कोरड्या उन्हात संपतं. पाण्याचे सगळे गोंधळ इथूनच होतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत झाड मरतं ते बहुतेक वेळा जास्त पाण्याने, शेवटच्या महिना-दीड महिन्यात कमी पाण्याने. आपण मात्र सहाही महिने रोज सकाळी तीच झारी तेवढीच भरून ओतत असतो.

झाडाचं मूळ गाव बघितलं तर बरंच काही उलगडतं. अँटिऱ्हिनम माजुस ही जात भूमध्य समुद्राच्या काठची, स्पेन आणि दक्षिण फ्रान्सच्या बाजूची. तिथे ती खडकांच्या कपारीत आणि जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत उगवते. कपारीत माती थोडी, पण पाणी थांबत नाही आणि मुळांना हवा भरपूर. शिवाय त्या भागात पाऊस पडतो हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा जातो. आपला हिवाळा थंडीच्या बाबतीत या झाडाला मानवतो, पण तो कोरडा असतो. तेव्हा तिकडे हिवाळी पाऊस करतो ते काम इथे झारीने करायचं. ते पावसासारखंच करायचं : एकदा नीट भिजवायचं, मग काही दिवस उघडीप. रोजची रिमझिम नको.

जाता जाता एक गंमत. हल्लीच्या वर्गीकरणात स्नॅपड्रॅगन इसबगोल आणि ब्राह्मीच्या कुळात गेलं आहे. ब्राह्मी पाय पाण्यात बुडवून मजेत जगते. कुळावरून पाण्याची आवड ठरवू नये, हे तिथेच कळतं.

मुळांना नेमकं काय लागतं

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, तो ‘वाफसा’ म्हणतो आणि विषय संपतो. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्या साधारण अर्ध्या पाण्याने आणि अर्ध्या हवेने भरलेल्या असल्या की जमीन वाफशावर आली. हातात घेतली तर ओल जाणवते, मूठ वळली तर गोळा होतो, पण बोटाने टिचकी मारली की फुटतो. स्नॅपड्रॅगनला हीच अवस्था हवी असते, बाराही महिने, कोणत्याही गावात. ऋतूनुसार बदलतं ते एवढंच, की पाणी घातल्यावर माती वाफशावर यायला किती वेळ लागतो आणि तिथून कोरडी व्हायला किती.

हवा इतकी महत्त्वाची का? मुळं श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीतल्या पोकळ्यांतून येतो. ऑक्सिजन हवेतून ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. पोकळ्या सलग चार-पाच दिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांची टोकं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भिजलेल्या मातीत उभं असलेलं झाड तहानल्यासारखं माना टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो. पिथियमसारख्या बुरश्यांना अशी मरगळलेली मुळं आणि साचलेली ओल दोन्ही आवडतात. पुढची गोष्ट सांगायला नको.

उकाड्यात हे जास्त वेगाने होतं. माती गरम असली की मुळांचा श्वास वाढतो आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. त्यामुळे जानेवारीत एखाद्या दिवशी कुंडी जास्त भिजली तर झाड सावरतं. तीच चूक ऑक्टोबर हीटमध्ये महागात पडते.

कुंडीतलं पाणी खाली का थांबतं

जमिनीतल्या वाफ्यापेक्षा कुंडीचं गणित वेगळं आहे, आणि ते समजलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

स्वयंपाकघरातला नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि गळणं थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच आणि भोकंही तीच, तरी जास्त पाणी निघालं. कारण बारीक भोकं पाणी धरून ठेवतात आणि सगळ्यात खालचा काही उंचीचा थर गच्च भरलेलाच राहतो. स्पंज आडवा असताना तो जवळजवळ सगळाच त्या थरात होता. उभा केल्यावर तळाचा थोडाच भाग त्या थरात राहिला.

कुंडीतही असंच होतं. पाणी गळायचं थांबल्यावरही तळाशी एक चिंब थर उरतो. त्याची उंची मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून चार-पाच इंच खोल पसरट कुंडीत स्नॅपड्रॅगन लावला तर त्याची बरीचशी मुळं चिखलात बसतात. दहा इंच खोल कुंडीत तोच थर तळाला पडून राहतो आणि मुळांना वर मोकळी जागा मिळते.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. भोकावर एखादी खापरी ठेवणं ठीक, माती वाहून जात नाही. पण दोन इंच खडी घातल्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे तो चिंब थर फक्त दोन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. तेवढीच खडी बाजूला ठेवून मातीत जाडसर वाळू, परलाइट किंवा कुजलेला पालापाचोळा मिसळला तर खरा फरक पडतो.

कुंडी कशाची, यावरही बरंच अवलंबून आहे. न रंगवलेली मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते आणि प्लॅस्टिकच्या मानाने लवकर वाळते. बाल्कनीत दोन्ही प्रकारच्या कुंड्या शेजारी शेजारी असतील तर दोघींना एकाच दिवशी पाणी घालणं चूक आहे. ऑइलपेंट मारलेली मातीची कुंडी प्लॅस्टिकमध्येच धरा.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची एक खास अडचण असते. आपल्याकडची बरीच रोपं काळ्या पिशवीत, लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा आपण तसाच कोकोपीट आणि गांडूळखताच्या हलक्या मिश्रणात ठेवतो. मग वरून घातलेलं पाणी मऊ मिश्रणातून झरझर खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. बोट लावलं तर कडेची माती ओली लागते, झाड मात्र सुकत असतं. उपाय सोपा आहे. लावण्याआधी रोप पिशवीसकट पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग पिशवी फाडून गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करा. लावल्यावर पहिले दोन आठवडे पाणी कुंडीच्या काठाने न घालता गोळ्यावर, बुंध्याजवळ सावकाश घाला. मुळं बाहेरच्या मिश्रणात शिरली की मग कुंडीभर.

बी आणि रोपं : भाद्रपदातली ओल

स्नॅपड्रॅगनचं बी अतिशय बारीक, एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे बसतात. उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीने झाकत नाहीत, नुसतं पसरून हलकं दाबतात. आता असं उघडं पडलेलं बी झारीने भिजवलं तर काय होईल? सगळं एका कोपऱ्यात वाहून जाईल. ट्रे एका परातीत ठेवा, परातीत बोटभर पाणी घाला, वरची माती काळपट दिसली की ट्रे उचलून घ्या. वरून फवारणीच्या बाटलीने फक्त धुकं. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात.

कोंब दिसल्यावर लोक पाणी वाढवतात. इथे उलट करायचं असतं. कोंब येईपर्यंत पृष्ठभाग सतत ओला लागतो, कोंब आल्यावर तो दोन पाण्यांमध्ये थोडा सुकायलाच हवा. सप्टेंबरात हवा दमट, आकाश ढगाळ, माती गरम. अशा वेळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत जो रोग येतो तोच हा. पडलेली रोपं वाचत नाहीत. ट्रे मोकळ्या हवेत ठेवणं, रोपं विरळ करणं आणि सकाळीच पाणी देणं, एवढंच उरलेल्यांसाठी करता येतं. पावसात ट्रे उघडा ठेवू नका, परतीच्या पावसाच्या थेंबांनी एवढीशी रोपं मातीत गाडली जातात.

ऑक्टोबर : फसवा महिना

पाऊस ओसरतो, दुपार तापते, आणि घराघरांत पाण्याचा हात सुटतो. रोप मात्र अजून चार-सहा पानांचं असतं. एवढ्या झाडाला दहा इंची कुंडीतलं सगळं पाणी ओढून घ्यायला आठवडा लागू शकतो. वरचा अर्धा इंच उन्हाने रोज वाळतो आणि आपल्याला वाटतं कुंडी कोरडी झाली. या महिन्यात तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघितल्याशिवाय पाणी घालू नये, असं माझं ठाम मत आहे. नखं खराब करायची नसतील तर उदबत्तीची काडी घाला. ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही.

रोप लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग शेतातल्या आंबवणीसारखं तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं पाणी, आणि त्यानंतर माती सांगेल तेव्हा. रोप चार बोटं उंच झाल्यावर आपण शेंडा खुडतो. शेंडा खुडला की पानं कमी होतात, पानं कमी झाली की पाण्याची ओढ कमी होते. तेव्हा खुडल्यावरचा आठवडा पाणी जरा आखडतं ठेवा. जानेवारीत पहिले तुरे कापल्यावरही हेच लक्षात ठेवायचं.

काळ्या मातीत, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात अंगणात लावणाऱ्यांनी सपाट वाफा टाळावा. ही माती चिकणी, पाणी धरून ठेवणारी. अर्धा-पाऊण फूट उंच गादीवाफा करून त्यावर रोपं लावली आणि पाणी बाजूच्या सरीतून दिलं, तर बुंधा कोरडा राहतो आणि मुळं आपल्या गतीने ओल शोधत खाली जातात.

थंडी : दव, तांबेरा आणि सकाळची झारी

नोव्हेंबर ते जानेवारी हे या झाडाचे सोन्याचे दिवस. पुण्या-नाशकाकडे रात्रीचं तापमान १० ते १५ अंशांच्या आसपास उतरतं आणि स्नॅपड्रॅगनला नेमकं तेच हवं असतं. झाड भरतं, फांद्या फुटतात, कळ्या धरतात. पाणीही आता जास्त लागतं, पण घाईने लागत नाही.

इथे त्या एक इंच पाण्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर २५ लिटर. दहा इंची कुंडीच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा साधारण विसावा भाग, म्हणजे आठवड्याला सव्वा लिटर. पुण्याच्या हवेत जानेवारीत मातीतून आणि पानांतून मिळून दिवसाला सुमारे साडेतीन-चार मिलिमीटर पाणी उडतं. सात दिवसांचे झाले जवळपास २५. म्हणजे परदेशी नियम आपल्या जानेवारीला बऱ्यापैकी लागू पडतो! एप्रिलमध्ये मात्र तोच आकडा दिवसाला सात मिलिमीटरच्या घरात जातो आणि नियम कोलमडतो. शिवाय कुंडीच्या बाजू तापतात आणि भरलेलं झाड कुंडीच्या काठाबाहेर पसरलेलं असतं, म्हणून कुंडीला या हिशेबापेक्षा थोडं जास्तच लागतं. हा आकडा अंदाजाला ठीक आहे, झारी उचलायची ती कुंडीचं वजन बघूनच. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, दोन दिवसांनी पुन्हा. चार-पाच वेळा असं केलं की हाताला सवय होते, मग बोटही घालावं लागत नाही.

पाणी द्याल तेव्हा तळाच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत द्या. रोज कपभर पाणी घालण्याने वरची दोन बोटं ओली राहतात, मुळं वरच घुटमळतात आणि खाली क्षार साचत जातात. ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मुळांसाठी तर ते वाईटच, पण डेंग्यूचे डासही अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

थंडीतला खरा धोका पानांवरच्या पाण्याचा आहे. स्नॅपड्रॅगनचा तांबेरा ही पुक्सिनिया अँटिऱ्हिनी नावाची बुरशी. पानाच्या खालच्या बाजूला दालचिनीच्या रंगाचे पुटकुळीसारखे ठिपके येतात, बोट फिरवलं की भुकटी लागते. त्या भुकटीतल्या बीजाणूला पानात शिरण्यासाठी सलग सहा-आठ तास ओलं पान आणि थंड हवा लागते. कोरड्या पानावर तो नुसता पडून राहतो. आता डिसेंबरातली उघडी गच्ची डोळ्यांसमोर आणा. मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि सकाळी आठपर्यंत टिकतं. एवढ्यावर झाड कसंबसं निभावून नेतं. पण संध्याकाळी सहा वाजता ऑफिसातून येऊन कुणी पाइपने सगळी झाडं धुऊन काढली, की ओल्या पानांचे तास थेट चौदा होतात. संध्याकाळचं पाणी म्हणून वाईट. सकाळी, पानं चुकवून, झारीची झरी काढून बुंध्याशी द्यावं. दिवसभरात चार थेंब उडाले असतील तेही सुकतात.

फुलांच्या तुऱ्यावर तर पाणी कधीच मारू नका. फुलाचं तोंड मिटलेलं असतं, पण पाकळ्यांच्या घड्यांत पाणी अडकतं, तुरा जड होऊन वाकतो आणि ढगाळ दिवस असेल तर करड्या बुरशीला आमंत्रण मिळतं.

ढगाळ दिवसांचं सांगायलाच हवं, कारण डिसेंबर-जानेवारीत एखाद-दोनदा तरी अवकाळी वातावरण होतंच. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारी ही हवा स्नॅपड्रॅगनलाही बाधते. ऊन नाही, वारा नाही, कुंडी वाळत नाही. अशा दिवसांत झारी कोपऱ्यात ठेवा. तीन दिवस पाणी नाही मिळालं तर या झाडाला काही होत नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर मधे वीतभर जागा करा, हवा फिरू द्या. हा उपाय औषधाच्या फवाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कळी धरताना मात्र ताण देऊ नये. बोगनवेलीला पाणी तोडून फुलवतात, म्हणून काही जण हाच प्रयोग इथे करतात. स्नॅपड्रॅगनचा ताण पडलेला तुरा आखूड राहतो आणि खालच्या कळ्या गळतात.

थंडीत घरदार बंद करून गावी जायचं असेल तर कुंड्या भरपूर भिजवून भिंतीच्या सावलीत एकत्र ठेवल्या की चार-पाच दिवस निभतात. त्यापुढे सुताच्या जाड वातीचं एक टोक बादलीत आणि एक मातीत खोचण्याची जुनी युक्ती आहेच. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा.

होळीनंतर

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे पाण्याच्या वेळापत्रकासाठीही खरं आहे. फक्त शहरात थंडी हल्ली होळीची वाट बघत नाही, फेब्रुवारीच्या मध्यातच दुपार तापू लागते.

तापमान वाढल्यावर पाण्याची गरज थोडीथोडकी नाही, उडी मारून वाढते. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. ३५ अंशांच्या हवेत जवळपास ४०. हवेची वाफ पिण्याची ताकद दुपटीहून जास्त झाली, आणि मार्चच्या दुपारी घाटावरची हवा मुळातच कोरडी असते. पानांतून पाणी ओढलं जातं, त्यात झाड आता पूर्ण वाढलेलं, मुळांनी कुंडी गच्च भरलेली, मातीला जागा कमी. जानेवारीत चार दिवस पुरणारी कुंडी मार्चच्या शेवटी एका दिवसात हलकी होते. ऑक्टोबरात शिकवलेला हात आखडता ठेवण्याचा धडा इथे विसरायचा. रोज सकाळी भरपूर पाणी, आणि सिमेंटच्या गच्चीवर असेल तर कुंडीखाली दोन विटा, म्हणजे तापलेल्या फरशीचा चटका बसत नाही. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, उसाचं पाचट, वाळलेली पानं, जे मिळेल ते दोन बोटं जाड पसरा, बुंध्याभोवती मात्र थोडी जागा मोकळी ठेवा.

दुपारी दोनला झाड माना टाकताना दिसलं की लगेच पाणी घालायला धावू नका. मुळं जेवढं पाणी वर पाठवू शकतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडत असतं, मातीत पाणी असलं तरी. आधी माती बघा. ओली असेल तर कुंडी सावलीत सरकवा, सूर्य कलला की झाड आपोआप उभं राहतं. सकाळी सातलाही झाड मान टाकूनच असेल तर दोनच शक्यता : माती कोरडी, म्हणजे तहान, किंवा माती ओली, म्हणजे मुळं गेली. दुसऱ्या शक्यतेत झाड हळूच उपटून बघा. निरोगी मुळं पांढरी असतात. तपकिरी, बोटाने ओढल्यावर साल सुटणारी मुळं दिसली तर त्या झाडाचा निरोप घ्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर आणखी एक गोष्ट वर येते : क्षार. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांना पांढरी किनार दिसू लागते. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. या झाडाला किंचित आम्लाकडे झुकलेली ते साधारण उदासीन, सहा-सात सामूची (पीएचची) माती मानवते. जड पाण्याने सामू वर जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं दिसलं की हेच कारण धरावं. महिन्यातून एकदा नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा सलग भरून वाहू द्या, क्षार धुऊन जातात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत आता सगळीकडे आहे. मशीनला येणारं पाणी धरणाचं गोडं असेल तर हरकत नाही. येणारं पाणीच बोअरचं असेल तर वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर त्याच्या पाण्यात सोडियम येतं, तेही कुंडीला नको.

कोकणात आणि मुंबईत हे सगळं थोडं पुढे-मागे होतं. थंडी डिसेंबर-जानेवारीपुरती, तीही सौम्य, म्हणून रोपं नोव्हेंबरात लावलेली बरी. हवा दमट असल्याने कुंडी घाटावरच्या मानाने सावकाश वाळते, तेव्हा पाणी कमी वेळा, पण पानं कोरडी ठेवण्याची काळजी दुप्पट. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र हा लेख अर्धाच वाचावा : त्यांच्यासाठी सुरुवातीचा तो परदेशी सल्लाच बरोबर आहे. मुळांची हवा आणि कोरडी पानं एवढं तिथेही तसंच लागू.

हंगाम संपताना

एप्रिलमध्ये तुरे आखूड होतात, फुलं लहान येतात, खालची पानं वाळतात. झाड शास्त्रीयदृष्ट्या थोडी वर्षं जगू शकणारं आहे, म्हणून काही हौशी मंडळी ते छाटून उन्हाळा आणि मग पावसाळा पार करवू बघतात. माझ्या मते पाण्याची नासाडी. मेचा उन्हाळा निभलाच तर जुलैची सततची ओल मुळं कुजवते. बी धरायचं असेल तर दोन-तीन तुरे ठेवा, बोंडं तपकिरी व्हायला लागली की पाणी कमी करा आणि त्यांच्या टोकाशी भोकं पडायच्या आत तुरा कापून कागदी पाकिटात उलटा टाका. वाळलेलं बोंड कवटीसारखं दिसतं, मुलांना दाखवण्यासारखं आहे.

झाडं काढल्यावर माती फेकू नका. तांबेऱ्याची पानं तेवढी गोळा करून कचऱ्यात घाला, कंपोस्टमध्ये नाही. मग मातीला हंगामातलं शेवटचं पाणी द्या. हो, झाड नसताना. मूठ वळेल इतपत ओली करून ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत वीतभर जाडीच्या थरात भरा, तोंड बांधा आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवा. कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते आणि झोपलेले बीजाणू ओल मिळाली की जागे होऊन त्या उष्णतेत मरतात, म्हणून ही माती कोरडी तापवण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा पिशवी उलटी करा. जूनच्या पहिल्या पावसाआधी ती आत घेतली की गणपतीत बी टाकायला हीच माती चालते, त्यात नवं शेणखत तेवढं मिसळा.